एक जूनला कुठं जायचं?

एप्रिल उजाडला की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. सासू-सुनांची आणि जुळत नसलेल्या लग्नांची पत्रं मागे पडतात आणि ‘येत्या ३१ मे रोजी मी सेवानिवृत्त होत आहे’ अशा सुरुवातीची पत्रं वाढतात. कारण साधं आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख घरात कुणालाच नीट माहीत नव्हती. आई सांगणार, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ किंवा ‘मोठा पूर आला त्या साली’. गुरुजींना शाळेत नाव घालायचं होतं, त्यांनी १ जून टाकून दिली. आणि महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला नोकरदार नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे मेअखेरीला महाराष्ट्रात कचेऱ्या, शाळा, डेपो सगळीकडे शाल-श्रीफळांचा एकच गजर असतो. त्या दिवसांत नारळवाल्यांचं बरं चालत असावं.

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त गेली आहे, कारण त्यात विचारलेलं आणखी बऱ्याच जणांनी आडून आडून विचारलं आहे. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

पत्र पहिलं : सातारा जिल्ह्यातून

*ताई, स. न. वि. वि. मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. कंडक्टर म्हणून लागलो तेव्हा तिकिटांचा ट्रे आणि पंच होता, आता मशिन आलं. ३४ वर्षं झाली. येत्या ३१ मेला रिटायर होतोय. १ जूनला एसटीचा वर्धापन दिन असतो आणि माझा कागदावरचा वाढदिवस पण तोच. दरसाल त्या दिवशी स्टँडवर रांगोळी, गाडीला हार, पेढे, सगळं मी बघायचो. यंदा मी पाहुणा.*

*पोरगा पुण्यात नोकरीला, लेक सासरी. शेत दीड एकर, ते भाऊ करतो. मी मध्ये पडलेलं त्याला चालायचं नाही आणि मला जमायचंही नाही. मंडळींना गुडघ्याचा त्रास. जो तो सांगतो छंद जोपासा. मला छंद नाही. पाळी संपली की जेवायचं, झोपायचं, पुढच्या पाळीला जायचं. सुट्टीच्या दिवशी सुद्धा एक चक्कर स्टँडवर व्हायचीच. गाड्यांच्या वेळा पाठ आहेत, पावसाळ्यात कुठली गाडी कुठल्या ओढ्यापाशी अडकते ते पाठ आहे. दुसरं काही येत नाही. माझ्या आधी रिटायर झालेला एक जण दिवसभर पारावर पत्ते खेळतो. दुसरा सहा महिन्यांत खचला. पैशाची भीती नाही, भागेल. पण १ जूनला सकाळी उठून जायचं कुठं, हे तुम्ही सांगा.*

उत्तर

भाऊ, सप्रेम नमस्कार.

छंदाचं राहू द्या. ज्या माणसाने अठ्ठावन्न वर्षं छंदाशिवाय काढली, त्याने १ जूनला बासरी विकत आणली तर ती जुलैत कपाटावर जाते. छंद असणाऱ्यांना तो आधीपासून असतो आणि ते अशी पत्रं लिहीत नाहीत. फिरायला जा, वाचन करा, योगासनं करा हे सगळं तब्येतीला चांगलं, जरूर करा. पण त्याने सकाळचे दोन तास जातात. तुम्ही विचारताय ते वेगळं आहे.

तुम्ही आज स्टँडवर दहा मिनिटं उशिरा पोचलात तर चार जण विचारतात, ‘कंट्रोलर कुठं गेले?’ १ जूनपासून हे कुणी विचारणार नाही. तुमचं दुखणं इथं आहे. वेळ रिकामा होतो त्याचं माणसाला फार काही वाटत नाही, आपल्यावाचून कुणाचं अडत नाही याचं वाटतं. तेव्हा अशी एखादी जागा शोधायची, की ठरल्या वेळेला आपण गेलो नाही तर तिथून फोन येईल. काम लहान का असेना, आठवड्यातून दोनच दिवस का असेना.

माझंच सांगते. मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे फोन जोडून देणारी, म्हणून लागले. ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?’ हे वाक्य इतकं बोलले की घरी पोरं चिडवायची. पुढे परगावी थेट फोन लावायचं एसटीडी आलं, ट्रंक गेलं, आम्ही काउंटरवर बसू लागलो. २०१९ची स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे देशभरातले सुमारे ७८ हजार कर्मचारी घरी गेले. मी त्यातली एक. आमच्या मजल्यावर त्या संध्याकाळी निरोप कुणी द्यायचा आणि कुणी घ्यायचा हेच कळेना. सगळ्यांच्याच हातात गुच्छ! मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आमच्या गल्लीतल्या काही वयस्कर माणसांची मुलं परगावी अडकली होती. त्यातल्या एकाने मला विचारलं, ‘मावशी, आईला रोज सकाळी एक फोन कराल का?’ फोन करणं तेवढं मला येत होतं.

टाळेबंदी उठली, फोन चालू राहिले. गल्लीबाहेरचीही माणसं जोडली गेली. सकाळी साडेसातला मी बसते. एक आजी मोबाइल मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवतात, त्यामुळे फोन उचलला की ‘हॅलो’च्या आधी फोडणी ऐकू येते. फोडणीचा आवाज नसला की मी विचारते, ‘आज उपास का हो?’ ‘नाही गं, कंटाळा आला’ असं उत्तर आलं की त्यांना दुपारी पुन्हा फोन. ‘बरी आहे’ हे सगळेच म्हणतात, पण कोण कुठल्या पट्टीत म्हणतंय ते ऐकायचं असतं. इतकी वर्षं नोकरी कानानेच केली, तो कान काही खात्याने परत घेतला नव्हता. कुणी उचललंच नाही तर शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे असतो आणि शेजाऱ्यांकडे किल्ली. मला हे रोज आवडतं असंही नाही. पावसाळ्यात अंथरूण सोडवत नाही. पण साडेसातला माझा फोन गेला नाही की पावणेआठला तिकडून येतो, ‘काय गं, बरं नाही का?’

आता तुमच्याकडे येऊ. ‘दुसरं काही येत नाही’ हे वाक्य तुम्ही लिहिलंत, ते मला मान्य नाही. कंट्रोलरच्या खिडकीपाशी मी पुष्कळ वेळा ताटकळलेली बाई आहे. एकाच वेळी एक बाई पोर काखेत घेऊन गाडी विचारत असते, कंडक्टर नोंद मागत असतो, फोनवर कुठल्या तरी घाटात गाडी फेल झाल्याची बातमी असते, कॉलेजची मुलं पासवरून हुज्जत घालत असतात, आणि कंट्रोलर तिसऱ्या फलाटावर नजर ठेवून सगळ्यांना उत्तर देतो. चिडलेल्या माणसाला न चिडता उत्तर देणं, अडाणी माणसाला न हिणवता समजावणं, कागद एका नजरेत वाचणं. हे तुम्हाला येतं. खिडकी फक्त बदलायची आहे.

मी एक काम सुचवते. तुम्ही आता स्वतः ईपीएस-९५चे, म्हणजे १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे, पेन्शनर होणार. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. सरकारी पेन्शनरांचा तो नोव्हेंबरात द्यायचा असतो. ईपीएसवाल्यांना वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो, पण हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि तेही नोव्हेंबरातच बँकेसमोर उन्हात उभे राहतात. तुमच्या तालुक्यात जुने कंडक्टर-ड्रायव्हर, साखर कारखान्यातले कामगार, मुंबईच्या गिरणीतून गावी परतलेले असे किती तरी असतील. पेन्शन तुटपुंजी, किमान आकडा १,००० रुपये आहे तो २०१४पासून तसाच आहे. पण ज्याला तेवढीच मिळते त्याला ती थांबून चालत नाही. आणि यांच्यापैकी ज्यांनी जन्मभर विळा-खुरपं धरलं, त्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. मशिनवर बोट ठेवायचं, पुसायचं, पुन्हा ठेवायचं, तरी जुळत नाही. मग म्हातारा ओशाळतो, जणू त्याचंच काही चुकलं.

अलीकडे यावर तोडगा निघाला आहे. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा सरकारी डिजिटल दाखला, स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही निघतो. त्याला दोन अ‍ॅप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि दुसरं आधारचं चेहरा ओळखणारं. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक, बँक खातं आणि ओटीपीसाठी त्या माणसाचा स्वतःचा मोबाइल जवळ हवा. चेहऱ्यावर उजेड समोरून पडला पाहिजे, पाठीमागे खिडकी नको, आणि सांगितलं की पापणी मिटायची. बस्स. पोराला पुण्याहून येऊ द्या, एक दुपार त्याच्याकडून शिकून घ्या. त्याच्यावर ओरडू नका, तो भराभर बोटं फिरवेल, त्याला म्हणा सावकाश. आधी एकदोन निवृत्त मित्रांचा दाखला काढून बघा. मग आठवडी बाजाराचा वार धरून वाचनालयाच्या ओट्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या पडवीत बसा, अर्थात तिथल्या लोकांना विचारून.

आणि इथं तुमचं पाठ असलेलं वेळापत्रक कामाला येतं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून एसटी मोफत झाली, त्यामुळे वाडीवस्तीवरची म्हातारी माणसं बाजाराला लालपरीनेच येतात. वस्तीची गाडी सकाळी किती वाजता त्यांना उतरवते आणि परतीची कितीला सुटते, हे तालुक्यात तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? तुमचं बसणं त्या दोन गाड्यांच्या मध्ये ठेवा. बँकवाल्यांना हे सुचत नाही. जे खाटेवर आहेत त्यांच्या घरी जायचं, तिथं तर तुमची वाट बघतील.

दोनतीन पथ्यं पाळा. कुणाचं पासबुक, आधार, मोबाइल आपल्याकडे ठेवून घ्यायचा नाही. ओटीपी ज्याचा त्याने वाचून सांगायचा, आणि सांगतानाच त्याला बजावायचं की हा फोनवर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. शक्यतो घरचं कुणीतरी बरोबर असू द्यावं. पैसे घ्यायचे नाहीत. चहा घ्यायला हरकत नाही, चहा नाकारला तर लोकांना राग येतो.

हे जमलं नाही, किंवा वर्षातले काही महिनेच पुरलं, तर ग्रामीण रुग्णालय आहे. केसपेपर कुठल्या खिडकीवर, रक्त कुठं द्यायचं, डॉक्टर कुठल्या खोलीत, हे न कळून अर्धी ओपीडी भिंतीला टेकून उभी असते. वैद्यकीय अधीक्षकांना भेटा, लेखी परवानगी घ्या आणि सोमवारी सकाळी दोन तास उभे राहा. सोमवारी गर्दी सगळ्यात जास्त.

हे सगळं ३१ मेनंतर नव्हे, आत्ता, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सुरू करा. जून महिना सत्कारात, पाहुण्यांत आणि देवदर्शनात जाईल, आणि जुलैत एकदम पोकळी येईल. ती यायच्या आधी एखादी वेळ बांधलेली असू द्या.

स्टँडवर जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जा, पेढे खा. १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, त्या दिवसाचा मान तुमच्यासारख्यांनी नाही तर कुणी ठेवायचा? फक्त खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे राहा. आत जो पोरगा बसला असेल त्याला ‘आमच्या वेळी’ असं काही सांगायला जाऊ नका. तो चुकेल. चुकू द्या, तुम्हीही चुकला असाल.

पालखी तुमच्याच जिल्ह्यातून जाते. दर आषाढीला तुम्ही पंढरीच्या जादा गाड्या सोडल्यात, स्वतः मात्र ड्युटीवर. यंदा निदान लोणंद ते फलटण चालून बघा. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, तिथं माणूस घड्याळ विसरतो म्हणतात. तुमच्या बाबतीत शंका आहे, पण बघा.

ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद जरूर व्हा. पद घेऊ नका, निदान दोन वर्षं. कार्याध्यक्षपदावरून बोलेनासे झालेले सत्तरीतले बालमित्र मी पाहिले आहेत. पैशाचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगते. ५५ वर्षं पूर्ण करून सेवानिवृत्त झालेल्याला पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीच्या आधीही पैसे ठेवता येतात, पण निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. एरवी त्या तीन महिन्यांत पैसे मागायला कोण कोण येतं ते तुम्हाला कळेलच.

आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा. तीन पाळ्यांचे डबे त्यांनी ३४ वर्षं केले. गुडघे कशाने गेले असतील? निदान सकाळचा चहा १ जूनपासून तुमच्याकडे घ्या. उठून कुठं जायचं याचं पहिलं उत्तर स्वयंपाकघर.

पत्र दुसरं : डोंबिवलीहून

*ताई, हे पत्र मी मिस्टरांना न दाखवता लिहिते आहे. ते बँकेत अधिकारी आहेत, जुलैअखेर निवृत्त होतील. स्वभावाने चांगले आहेत हो, व्यसन नाही, आवाज चढवत नाहीत. पण ते दिवसभर घरात असणार या विचाराने मला धडकी भरते. मागच्या गणपतीत चार दिवस रजा होती, तर डाळींचे डबे अकारविल्ह्याने लावले, वर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि महिन्याला तूरडाळ किती लागते याची नोंद का नाही म्हणून विचारलं. माझा दिवस मी बांधलेला आहे. भजनी मंडळ, भिशी, दुपारी तासभर आडवं होणं. आता दर अर्ध्या तासाने ‘कुठे निघालीस?’ आणि ‘चहा होतोय का?’ ऐकावं लागणार. असं वाटणं हा माझा स्वार्थ आहे का?*

उत्तर

अजिबात नाही. इतकी वर्षं तुम्ही एकटीने चालवलेल्या ऑफिसात एक नवा साहेब बदलीवर येतोय, कामाची काडीची माहिती नसलेला आणि येताक्षणी सुधारणा करायच्या विचारात असलेला. कुणालाही धडकी भरेल.

त्यांना मदत करायला सांगू नका. मदत म्हटली की ‘हे कुठे आहे?’, ‘ते किती घालू?’ सुरू होतं आणि तुमचं काम दुप्पट होतं. एखादं अख्खं काम त्यांच्या अंगावर टाका, आणि टाकल्यावर बघायला जाऊ नका. आठवड्यातून दोन संध्याकाळचं जेवण म्हणजे भाजी आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. खिचडी करपली तर करपलेली खा आणि गप्प बसा, हे तुमचं पथ्य. दुपारी एक ते चार तुम्ही घरात नाही असं दोघांनी समजायचं. हे जुलैच्या आधी बोलून घ्या, ऑगस्टमध्ये बोललात तर ते भांडण होईल.

राहता राहिली त्यांची नोंदींची हौस. ती पाण्यात घालवू नका. डोंबिवलीत सोसायट्यांची काय कमतरता? आणि प्रत्येक सोसायटीत खजिनदार व्हायला कुणी तयार नसतं. वरच्या पत्रात मी पद घेऊ नका म्हटलं, त्याला हे एक पद अपवाद, कारण ते कुणालाच नको असतं. थकबाकीची यादी, लेखापरीक्षणाची तयारी, पाण्याच्या टँकरची बिलं. बँकेतला माणूस त्यात रमतो आणि सोसायटीही दुवा देते. त्यातून वेळ उरला तर जवळपासच्या महिला बचत गटाच्या वह्या लिहायला शिकवू देत. शिकवू देत म्हटलं, लिहून देऊ देत नव्हे. त्या बायका हिशेबाला पक्क्या असतात, फक्त कागदावर मांडणीत अडतात.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र काढू नका. तुम्ही गावाला गेलात की त्यांना उपयोगी पडतील.

पत्र तिसरं : नांदेड जिल्ह्यातून

*मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, मेअखेर निवृत्त होईन. माझा प्रश्न उलटा आहे. काय करायचं ते मला माहीत आहे, पण करू देतील असं दिसत नाही. लेकीचं बाळंतपण ऑगस्टमध्ये, बेंगळुरूला. मुलगा म्हणतो, आई, आता तू मोकळीच आहेस, नंतर आमच्याकडेच राहा, धाकट्याला शाळेतून आणायला कुणी नाही. मला मोडी लिपी शिकायची आहे. आजोबांची कागदांनी भरलेली एक पत्र्याची पेटी माहेराहून मी आणून ठेवली आहे, त्यातलं अक्षरही लागत नाही. घरी हसतात, या वयात पुन्हा बाराखडी? आणि शिकून उपयोग काय?*

उत्तर

बाई, निवृत्त पुरुषाला लोक विचारतात, आता काय करणार? निवृत्त बाईला कुणी विचारत नाही, परस्पर ठरवून कळवतात. मी घरी बसले तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन घरांतून नातवंडं सांभाळण्याची विचारणा झाली होती, त्यातलं एक घर तर नात्यातलंही नव्हतं.

लेकीकडे जा. आनंदाने जा, पण परतीचं तिकीट काढूनच जा. नांदेडहून बेंगळुरूला थेट गाडी आहे, तारीख आधीच ठरवा आणि ती लेकीला आणि मुलाला एकाच वेळी कळवा. मुलाला सांगा, सुट्टीत नातू तुमच्याकडे येईल. शाळेतून आणण्याची सोय त्याची त्याने बघावी, शहरात ती होते.

आता मोडी. तुमच्या घरच्यांना उपयोग हवा आहे, तर तो सांगते. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना कचेऱ्यांमधून बोलावणी येऊ लागली, कारण दप्तरं होती आणि ती वाचणारी माणसं कमी पडत होती. जमिनीचे, वतनाचे, देवस्थानाचे जुने कागद घराघरांत पेट्यांमध्ये पडून आहेत. तुमच्या भागात आणखी एक गंमत आहे. मराठवाडा सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे सरकारी कागद उर्दूत असायचे. तुमच्या पेटीत दोन्ही निघतील. तेव्हा आधी कागद वेगळे करून घ्या. उजवीकडून डावीकडे गेलेले बाजूला ठेवा, त्यासाठी गावातल्या एखाद्या जुन्या उर्दू शिक्षकाला गाठा. त्यांनाही कुणीतरी विचारायला आलेलं हवंच असेल.

मोडी शिकताना तुमची एक मजा होणार आहे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, इ-ई ला एकच खूण, उ-ऊ ला एकच. जन्मभर तुम्ही लाल शाईने पोरांच्या वेलांट्या दुरुस्त केल्यात, आता तुमच्यासमोर असा कारकून येणार जो कुठलीही वेलांटी देतो आणि बरोबर असतो! सुरुवातीला अक्षरापेक्षा ठरावीक मायने आणि तारखा ओळखायला शिका, कागद त्यानेच उलगडायला लागतो.

राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ हे १९१०पासूनचं, तिथेही वर्ग होतात. चौकशी आत्ताच करून ठेवा म्हणजे बाळंतपणाच्या तारखा आणि वर्गाच्या तारखा एकमेकींवर येणार नाहीत. शाळेतल्या दोन-चार शिक्षिकाही बरोबर येतात का बघा. एकटीने घरी पुस्तकावरून शिकायला बसलात तर ‘आई, जरा कुकर बघ’ ऐकू येणारच. वर्गाला जाणारी बाई दिसते तरी, घराबाहेर पडताना.

पेटीबद्दल दोन गोष्टी सांगते. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि उत्साहाने लॅमिनेशन तर मुळीच करू नका, कागद कायमचा जातो. घडी घातलेला कागद पावसाळ्याच्या दमट हवेत उघडत बसू नका. एकेकाचा मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढा आणि सराव त्या फोटोवरच करा. पुढे वाचता यायला लागल्यावर गावातली माणसं आपापले कागद घेऊन दारात येतील, जमिनीच्या भांडणातले सुद्धा. काय लिहिलंय ते वाचून सांगा, पण कुणाची बाजू खरी हे सांगायला बसू नका.

पेटीतला पहिला कागद लागला की मला कळवा. घराण्याचा इतिहास निघेल अशी आशा मात्र ठेवू नका. बहुतेक पेट्यांत आधी उसनवारीचेच हिशेब निघतात, आणि आजोबांनी कुणाचे किती द्यायचे होते ते घरच्यांना वाचून दाखवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.